बुधवार कुठला, शुक्रवार कुठला

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा स्तंभ उभा आहे. अलिबागहून मुरूडकडे निघालेली मंडळी किल्ल्यातल्या पडक्या पोर्तुगीज कमानींखाली फोटो काढतात, पूल ओलांडून कोर्लईच्या दीपगृहाकडे जातात. या स्तंभाकडे सहसा कोणी वळत नाही. तो अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. निकितिन त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधीच चौलच्या बंदरात उतरला होता. जुनी पुस्तके १४६९ हे साल देतात, अलीकडचे अभ्यासक १४७१ म्हणतात.

त्याची ओळख बहुधा 'भारतात आलेला रशियन प्रवासी' एवढ्यावर आटोपते. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी त्याच्यावर 'परदेसी' नावाचा सिनेमा काढला. त्यात नर्गिस होती, म्हणून तोही थोडाफार लक्षात आहे. निकितिनच्या टिपणांमध्ये मात्र घोडे, मिरी, हिरे आणि सुलतानाच्या मिरवणुकीतले हत्ती यांच्या जोडीने आणखी एक हिशेब चालू असतो. आज उपास आहे की नाही? ईस्टर कधी येऊन गेला? प्रार्थना म्हणायची ती कोणत्या शब्दांत? देऊळ, धर्मगुरू, ग्रंथ, दिनदर्शिका आणि सोबती हे पाचही आधार सुटलेल्या ख्रिस्ती माणसाने आपली साधना कशी चालवली, याचा इतका उघडा आणि इतका जुना दाखला क्वचितच सापडतो. आणि तो रायगडच्या किनाऱ्याशी जोडलेला आहे.

निकितिन व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. शिर्वानच्या राजाचा वकील मॉस्कोहून मायदेशी परतत होता; त्याच्या मागोमाग व्यापार करावा म्हणून निकितिन आणि त्याचे साथीदार दोन होड्यांतून निघाले. अस्त्रखानजवळ तातारांनी त्यांना गाठले आणि एक होडी लुटली. निकितिनचे सगळे सामान नेमके त्याच होडीत होते. मालासोबत त्याची धर्मपुस्तकेही गेली. मायदेशी ज्यांचे काही शिल्लक होते ते परतले, ज्यांच्या डोक्यावर देणे होते त्यांनी वाट फुटेल तिकडे पाय काढला. निकितिन दरबंद, बाकू असे करत इराणात शिरला आणि होर्मुझला पोहोचला. तिथे त्याला कळले की हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव मिळतो. त्याने एक घोडा घेतला आणि मस्कत, दीव, खंबायत करत चौल गाठले.

पुस्तके गेल्याने एवढे काय बिघडले, असा प्रश्न आज पडेल. पंधराव्या शतकातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसाचे मात्र त्यात सगळेच बिघडले. त्याचे वर्ष उपासांनी बांधलेले असे. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास. ईस्टरपूर्वीचा लांबलचक उपासकाळ. प्रेषितांचा उपास, ऑगस्टमधला मरियेचा उपास, नाताळाआधीचा उपास. उपास म्हणजे काही न खाणे नव्हे, तर मांस, दूध, लोणी, अंडी आणि बरेचदा मासेही वर्ज्य करणे. यातले बरेच दिवस ईस्टरवरून मोजायचे आणि ईस्टर दरवर्षी सरकणार: वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. हे गणित सामान्य माणूस करत नसे. त्यासाठी चर्चच्या पुस्तकांत कोष्टके असत. ती कोष्टके गमावणे म्हणजे कोकणातल्या भटजीने परमुलखात पंचांग हरवून बसण्यासारखे होते, आणि भटजीला निदान अधिक महिना कळायला दुसरा भटजी तरी भेटला असता.

सुरुवातीला त्याचा हिशेब शाबूत होता. चौलला त्याने माणसे पाहिली, माणसांनी त्याला पाहिले; गोऱ्या कातडीच्या या प्राण्यामागे गर्दी चालायची असे तो नोंदवतो. तिथून आठ दिवसांची वाट तुडवून तो पालीला गेला (सुधागड तालुक्यातली आजची पाली ती हीच असावी असे मानतात), मग उमरी आणि मग जुन्नर. जुन्नरला पावसाळा सुरू झाला होता. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. घाटमाथ्यावरचा पाऊस रशियाच्या बर्फात वाढलेल्या माणसाने पहिल्यांदा पाहिला आणि त्याने त्याला हिवाळा म्हटले.

जुन्नरचा कारभारी असदखान होता, बहमनी वजीर महमूद गवानच्या हाताखालचा. हा घोडेवाला खुरासानी मुसलमान नसून ख्रिस्ती आहे, हे त्याला कळले आणि त्याने घोडा जप्त केला. अट सरळ होती. इस्लाम स्वीकार, घोडाही परत आणि वर एक हजार सोन्याची नाणी. नाही स्वीकारलास तर घोडाही गेला आणि हजार नाणी दंड. मुदत चार दिवसांची. निकितिन तारीख नोंदवतो तीही चर्चच्या भाषेत: मरियेचा उपासकाळ चालू होता आणि मुदत संपत होती ख्रिस्ताच्या सणादिवशी. आदल्या दिवशी महंमद नावाचा खुरासानी खोजा तिथे आला, निकितिनने त्याचे पाय धरले, खोजाने असदखानाकडे रदबदली केली आणि घोडा सुटला. निकितिनच्या लेखी हा प्रभूचा चमत्कार होता. चमत्कार घडवणारा माणूस मुसलमान होता, याचे त्याला काही वावगे वाटलेले दिसत नाही.

याच प्रसंगानंतर तो रशियातल्या बांधवांना कडवट सल्ला देतो. हिंदुस्थानात यायचे असेल तर श्रद्धा घरी ठेवून या, महंमदाचे नाव घ्या आणि मग निघा. व्यापारी बोलतोय हे उघड आहे. मुसलमान व्यापाऱ्याला जकातीत सवलत मिळे, ख्रिश्चनाला मिळत नसे. पण स्वतः त्याने तो सल्ला पाळला का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

बीदरला गेल्यावर दिवसांचा धागा हातातून सुटला. तो लिहितो ते असे: जवळ एकही पुस्तक नाही, ख्रिस्ती सण आठवत नाहीत, ईस्टर कळत नाही, नाताळ कळत नाही, बुधवार आणि शुक्रवारही ओळखता येत नाहीत. हे वाचताना जाणवते की त्याला दुःख कुठल्या मोठ्या तत्त्वज्ञानाचे नाही. त्याचे दुःख वारांचे आहे. श्रद्धेवर लिहिणारे बहुतेक लोक आत्म्यापासून सुरुवात करतात. निकितिन बुधवारपासून करतो, आणि म्हणूनच तो जास्त पटतो.

मग त्याने जे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. चोहीकडे रमजान चालू होता. शहर एका शिस्तीत उपास करत होते. निकितिनने त्यांच्याबरोबर महिनाभर उपास धरला. पण त्याचा उपास रमजानचा नव्हता. रमजानमध्ये दिवसा पाणीही नाही आणि सूर्यास्तानंतर मांसासकट सगळे चालते. निकितिन दिवसातून दोनदा भाकरी आणि पाणी घेई. मांस नाही, दूध-लोण्याचे काही नाही, मुसलमानी स्वयंपाकातले काही नाही, स्त्रीसंग नाही. म्हणजे नियम ऑर्थोडॉक्स, महिना मुसलमानांचा. एकट्याला उपासाची वेळ सांभाळता येईना, म्हणून त्याने शेजाऱ्यांचे घड्याळ घेतले आणि त्यावर आपला पाठ चालवला. प्रार्थनेत आपण आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाखेरीज दुसरे कोणतेही नाव घेतले नाही, असेही तो आवर्जून नोंदवतो. हे आवर्जून सांगावे लागते, यातच त्याची धास्ती दिसते.

ईस्टरसाठी त्याने आभाळाकडे पाहिले. पहाटेच्या उजेडात कृत्तिका आणि मृग कधी शिरतात, सप्तर्षींचे तोंड कुणीकडे असते, याच्या खुणा त्याच्या टिपणांत आहेत. दुसरी खूण मुसलमानांच्या बैरामची, म्हणजे ईदची: त्याच्या अंदाजाने ख्रिस्ती ईस्टर बैरामच्या नऊ-दहा दिवस आधी येतो. हा आडाखा मुळातच तकलादू होता. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. बैराम दरवर्षी मागे सरकत जातो आणि ईस्टर मात्र वसंतातच फिरत राहतो. एका वर्षी जुळलेली खूण पुढच्या वर्षी चुकणारच. बीदरला त्याने ईस्टर पाळला तो मे महिन्यात. ज्युलियन कालगणनेत ईस्टर २५ एप्रिलच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे त्वेरमधल्या कोणत्याही साध्या पाद्र्याने त्याला हसून सांगितले असते की गृहस्था, तुझा सण केव्हाच होऊन गेला. गंमत अशी की त्याच्या या चुकीच्या नोंदींवरून, बैरामचे वार आणि तारखा ताडून, पुढे इतिहासकारांनी त्याच्या प्रवासाची साले नव्याने मांडली.

एका मलिकाने त्याला पुन्हा धर्माबद्दल छेडले. निकितिनने उत्तर दिले ते तुर्की बोलीत, आणि त्यात वादविवादाचा लवलेश नाही: तुम्ही नमाज पढता, मीही पढतो, तुम्ही पाच वेळा, मी तीन वेळा, मी परदेशी, तुम्ही इथले. ख्रिस्ती प्रार्थनेलाही तो नमाजच म्हणतो. तीन वेळांचा नेम त्याने सोडला नव्हता, हेही या उत्तरातून कळते. ग्रंथ गेला, देऊळ गेले, तारीख गेली. दिवसातल्या तीन वेळा मात्र शिल्लक राहिल्या.

बीदरलाच हिंदूंशी त्याची ओळख झाली. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफनासी आहे, हे त्याने त्यांना सांगून टाकले. मुसलमानांत तो खोजा युसुफ खुरासानी म्हणून वावरत असे. त्यानंतर लोकांनी त्याच्यापासून खाणेपिणे, व्यापार आणि पूजाअर्चा लपवणे सोडले, असे तो लिहितो. शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर श्रीशैलला गेला आणि हे यांचे जेरुसलेम, यांची मक्का, असे त्याने नोंदवून ठेवले. हे लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, आमच्या रशियनांसारखेच, हीसुद्धा त्याचीच नोंद. खरी श्रद्धा कोणती ते देव जाणे, असे तो एके ठिकाणी म्हणतो. एका देवाला ओळखावे आणि कुठेही असो, स्वच्छ मनाने त्याचे नाव घ्यावे, एवढे तो त्याला जोडतो. त्याच्या शेवटच्या पानांवर रशियन लिपीत अरबी, फारसी आणि तुर्की शब्दांची लांबलचक प्रार्थना आहे. अल्लाह, खुदा, तेंग्री आणि रशियन बोग एकाच दमात येतात. गेल लेनहॉफसारख्या अभ्यासकांनी यावरून त्याने इस्लाम स्वीकारला असावा असे मांडले. इतरांना तो भाषांच्या गर्दीत हरवलेला पण मूळचाच ख्रिस्ती वाटतो. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूला आहे. ज्याने श्रद्धा बदलली त्याला चुकलेला बुधवार सलत नाही.

दाभोळहून जहाज पकडून तो परत निघाला. काळ्या समुद्रापर्यंत आणि पलीकडेही पोहोचला, पण स्मोलेन्स्क गाठण्याआधीच वारला. त्याची टिपणे १४७५ साली मॉस्कोतल्या एका सरकारी कारकुनाच्या हाती आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या इतिहासकाराने ती जगापुढे आणली.

ग्रंथ हरवलेला समाज या किनाऱ्याने आधीही पाहिला होता. बेने इस्रायल ज्यूंची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावला त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात जोडपी तेवढी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. सुंता, खवले नसलेल्या माशाचा विटाळ आणि 'शमा' ही एक प्रार्थना एवढे त्यांच्याजवळ टिकले. जन्म असो की लग्न, प्रसंग कोणताही असला तरी तीच म्हणायची. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून त्यांनी हिब्रू शिकून घेतली आणि आपलेच ग्रंथ परत मिळवले. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता. त्यांच्या पदरात फारच थोडे बाप्तिस्मे पडले.

निकितिननंतर जेमतेम पन्नास वर्षांत चौलला ख्रिस्ती धर्माची टंचाई राहिली नाही, उलट सुकाळ झाला. पोर्तुगीजांनी १५२०च्या दशकात रेवदंड्याला आपले ठाणे वसवले आणि तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा सगळ्या पंथांचे मठ आणि चर्च उभे राहिले. आज 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा मनोरा फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बरा चर्चचा. यातल्या जेझुइटांकडे एक अशी पद्धत होती की ती निकितिनला उपयोगी पडली असती. त्यांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या छोट्या पुस्तकात साधारण तीस दिवसांचा क्रम बांधून दिला; पोपनी त्याला १५४८ साली मान्यता दिली. शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्यायचा, तिथला रस्ता, माणसे, आवाज डोळ्यांपुढे आणायचे आणि त्यात आपण कुठे उभे आहोत ते पाहायचे. साधकाचे वय, शिक्षण, प्रकृती पाहून मार्गदर्शकाने क्रम बदलावा अशी सूचना पुस्तकातच आहे. संसारातून महिनाभर निघणे ज्याला जमत नाही त्याने रोज दीड तास द्यावा, हीसुद्धा. दिवसातून दोनदा स्वतःची झडती घ्यायची. त्यासाठी लोयोलांनी आठवड्याच्या वारांच्या रेघा आखून दिल्या: जो दोष घालवायचा तो जितक्या वेळा घडेल तितके ठिपके त्या वाराच्या रेघेवर द्यायचे आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडायचे. कोणाही वाण्याला कळेल अशी ही खतावणी आहे.

म्हणजे 'माझी स्वतःची साधना' ही कल्पना आधुनिक नाही. चर्चच्या जुन्या परंपरेत तिला जागा होती, फक्त दोन अटींवर: नियम लिहिलेला असावा आणि कोणाला तरी दाखवलेला असावा.

हे झाले शिकलेल्यांचे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या साध्या माणसांची अडचण वेगळी होती आणि ती सर्वांत नेमकी ओळखली गोव्यातल्या एका इंग्रज जेझुइटाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टीत राहिले. जुनी पुराणे सोडायला लावलीत, पण त्या जागी वाचायला काय दिलेत, असा प्रश्न त्यांना नवख्रिस्ती माणसाने विचारल्याचे त्यांच्याच ग्रंथात येते. उत्तरादाखल त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. प्रार्थना पाठ करून माणूस ख्रिस्ती होतो, पण संध्याकाळी घरी बसून ऐकायला गोष्ट लागते, हे त्यांनी ताडले.

कोर्लईच्या लोकांना असे पुराणकार मिळाले नाहीत. कुंडलिकेच्या मुखाशी, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याला वसलेले हे गाव. किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला आणि १७४० साली वसईच्या पराभवानंतरच्या तहात तो चौलसह मराठ्यांना दिला. सरकार गेले, सैन्य गेले, रेवदंड्याच्या तटातली चर्च ओस पडली. मागे राहिली ती खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेली शेतकरी-मजूर माणसे. साळावचा पूल होईपर्यंत खाडी तरीने ओलांडावी लागे. अशा आडबाजूला त्यांची पोर्तुगीज-मिश्रित बोली टिकली. ते तिला 'नो लिंग', आमची भाषा, म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. बोलणारे हजाराच्या आसपास.

भाषा टिकली याचे कौतुक सगळे करतात. तिला टिकवून धरणारी गोष्ट माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च होती, हे मात्र कमी सांगितले जाते. आजूबाजूच्या कोळी-आगरी वस्तीपासून या लोकांना वेगळे ठेवणारे सूत्र धर्माचे होते: लग्ने आपसांत, रविवार एकत्र, सण एकत्र. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन आणि प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, घरचे बोलणे नो लिंगमध्ये, बाजार मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतल्या उपासनेला वाट मोकळी करून दिली आणि त्या दशकात कोर्लईच्या वेदीवर मराठी आली. लोकांना मिस्सेचा शब्द न् शब्द कळू लागला आणि त्याच वेळी घरच्या भाषेचा एक टेकू गेला. निकितिनने एकट्याने जे सांभाळायचा प्रयत्न केला ते कोर्लईने दोन-अडीचशे वर्षे गावाने मिळून सांभाळले. त्यात कोणी एक मोठा साधक नव्हता, कोणाची टिपणवही नाही. रविवार चुकला नाही, एवढेच. बीदरच्या त्या व्यापाऱ्याने यासाठी आपला घोडाही आनंदाने दिला असता.

खाडीच्या दक्षिणेला, दापोलीकडच्या करजगावात १८६१च्या सुमारास जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची गोष्ट याच्या उलट टोकाची. त्यांच्याकडून कोणी काही लुटले नव्हते. त्यांनी स्वतः टाकले. १८९३ साली राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ती सगळी हकिकत 'स्मृतिचित्रे'त आहे आणि ती त्यांच्याच तोंडून वाचावी. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. ते म्हणणे केवळ शोभेचे नव्हते. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तने केली. 'उपासना संगीत' या मराठी प्रार्थनागीतांच्या पुस्तकात त्यांची पदे आजही मोठ्या संख्येने आहेत.

परंतु मिशनची चौकट त्यांना काचत राहिली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला: ख्रिस्ताच्या अनुयायांचा असा मेळा, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही बसतील. मिशनऱ्यांच्या भुवया उंचावल्या. टिळकांना वेळ मिळाला तो जेमतेम दोन वर्षांचा; ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. पदे मात्र चालली, आणि ती चालली त्याच चर्चांमधून ज्यांची चौकट त्यांना अपुरी वाटत होती.

रायगड जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे तो पेणजवळच्या गागोद्याचा. तिथे १८९५ साली, टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी, विनोबा जन्मले. कोणतीही दीक्षा न घेता त्यांनी नवा करार वाचला आणि त्यातली वचने निवडून, आपल्या क्रमाने लावून 'ख्रिस्तधर्म-सार' तयार केले. चर्चबाहेरच्या माणसाने केलेली ही निवड चर्चमधल्या अनेकांनी आपलीशी केली.

खोपोलीहून घाट चढला की लोणावळा. जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली 'साधना' ही संस्था पुढे तिथे गेली. डिमेलो मुंबईचे, जन्म १९३१चा. इग्नेशियसच्या साधनाक्रमात ते मुरलेले होते आणि त्याला त्यांनी इथल्या ध्यानपद्धतींची जोड दिली. १९७८ साली आलेल्या त्यांच्या 'साधना' या इंग्रजी पुस्तकातले पहिले पाठ देवाचे नावही न घेता सुरू होतात: गप्प बसा, खांद्यावरच्या कपड्याचा स्पर्श जाणवू द्या, श्वास नाकपुडीतून जाताना पाहा, दूरचे आवाज ऐका. विपश्यना केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. शुभवर्तमानातले प्रसंग डोळ्यांपुढे आणण्याचे पाठ पुढे येतात. धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक माणसे हे शिकायला जगभरातून येत.

डिमेलो १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये अचानक वारले. त्यानंतर ११ वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त विभागाने त्यांच्या लेखनाबाबत सूचनापत्र काढले. सही होती कार्डिनल रॅटझिंगर यांची, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. सुरुवातीच्या पुस्तकांत पौर्वात्य परंपरांचा प्रभाव असला तरी ती ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत आहेत, पण पुढच्या काही उताऱ्यांत देव निराकार होत जातो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक उरतो, हा त्या पत्राचा आक्षेप. पाचशे वर्षांपूर्वी बीदरमध्ये एकटा बसून निकितिनला जी धास्ती वाटली होती, तीच इथे रोमच्या शिक्क्यासह आली. निकितिनला चूक दाखवणारे कोणी नव्हते. डिमेलोंना दाखवणारे होते, पण उत्तर द्यायला ते हयात नव्हते. भारतातल्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांची पुस्तके त्यानंतरही विकली जात राहिली. काही आवृत्त्यांच्या आरंभी एक टीप आली, की लेखकाने हे लिहिले ते अनेक धर्मांच्या वाचकांसाठी, आणि ते त्या संदर्भात वाचावे.